ओल्नीतली दोन घरं : नुसता गिल्ट आणि पापाची खातरी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावरची दोन-तीन माणसं उठतच नाहीत. बाकीचे पुढे जातात, भाकर घेतात, प्याला घेतात, परत येऊन बसतात, आणि ही माणसं मान खाली घालून बसलेली. नंतर विचारलं तर म्हणतात, नाही हो, मी लायक नाही, मन शुद्ध नाही माझं. वर्षानुवर्षं हेच. आणि आपण, म्हणजे मी पण त्यात आलोच, मनातल्या मनात त्यांना फार आध्यात्मिक समजतो, की बघा किती कन्व्हिक्शन आहे, पापाची केवढी जाणीव आहे. हा समज चुकीचा आहे असं मला आता ठामपणे वाटतं, आणि ते ज्या एका केसमुळे वाटायला लागलं ती इथे सविस्तर लिहितोय. केस जुनी आहे, इंग्लंडमधली आहे, अडीचशे वर्षांपूर्वीची, पण वाचून बघा.

ओल्नी हे बकिंगहॅमशरमधलं छोटंसं गाव, घरोघरी लेस विणून पोट भरणाऱ्या गरीब बायकांचं. तिथे १७६४ पासून जॉन न्यूटन पाळक होता. आणि १७६७ मध्ये तिथे विल्यम कूपर राहायला आला, कवी माणूस, अतिशय हळवा, मेरी अनविन नावाच्या एका पाळकाच्या विधवेच्या कुटुंबाबरोबर तो राहायचा, बाजारचौकातल्या विटांच्या मोठ्या घरात. न्यूटनचं घर मागच्या बाजूला. दोन्ही घरांच्या बागांच्या मधे तिसऱ्याच कुणाची तरी फळबाग होती, आणि रस्त्याने वळसा घालून जायला नको म्हणून या दोघांनी त्या बागेतून ये-जा करायची परवानगी घेतली होती, वर्षाला एक गिनी, म्हणजे सोन्याचं एक नाणं, देऊन. मला ही गोष्ट फार आवडते. रोज भेटायचंच आहे म्हणून वाटेचं भाडं भरणारी दोन माणसं. दोघांच्याही आया लहानपणीच गेलेल्या, सहा-सात वर्षांचे असताना. दोघं मिळून गावातल्या साध्या माणसांसाठी गीतं लिहायचे, पुढे १७७९ मध्ये त्यांचा संग्रह निघाला, ३४८ गीतांचा, त्यातली साठ-सत्तर कूपरची, बाकी न्यूटनची.

आता १ जानेवारी १७७३. न्यूटनने नववर्षाच्या उपासनेत बायबलमधल्या पहिला इतिहास १७ मधली ती वचनं घेतली जिथे दावीद राजा परमेश्वरापुढे बसून म्हणतो की मी कोण, माझं घराणं काय, की तू मला इथवर आणलंस. त्या उपदेशासाठी त्याने एक गीत लिहिलं होतं, आज सगळं जग त्याला अमेझिंग ग्रेस म्हणून ओळखतं. आणि दुसऱ्याच दिवशी कूपर कोसळला. मनाने पूर्ण कोसळला. त्या जानेवारीनंतर तो पुन्हा कधी उपासनेला येऊन बसला नाही, आणि पुढे तो २७ वर्षं जगला.

फेब्रुवारीत त्याला एक स्वप्न पडलं, त्यात एक वाक्य ऐकू आलं, तुझा कारभार आटोपला, तुझा नाश झालाय, अशा अर्थाचं. आणि तेव्हापासून त्याची पक्की समजूत झाली की देवाने बाकी सगळ्यांना क्षमा केली, फक्त मला नाही. मी एकटा टाकलेला. मग त्यात अजून एक भयंकर कल्पना आली, की देवानेच मला जीव द्यायला सांगितलं होतं, अब्राहामाला मुलगा इसहाक अर्पण करायला सांगितलं तसं, आणि मी ते केलं नाही म्हणून आता माझ्यासाठी दार कायमचं बंद. जीव द्यायचा प्रयत्नही त्याने केला, वाचला, आणि वाचला म्हणून अजून दोषी वाटून घेतलं.

हे त्याचं पहिल्यांदा नव्हतं. १७६३ मध्ये त्याला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये एक चांगली नोकरी मिळत होती, पण त्यासाठी सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा द्यायची होती, त्या भीतीने तो इतका खचला की मरायला निघाला होता. नंतर त्याच गोष्टीचा गिल्ट घेऊन बसला. बायबल उघडलं तर निष्फळ अंजिराच्या झाडाला येशूने शाप दिला तो भाग समोर आला, आणि याने ठरवलं की तो शाप मलाच आहे. सेंट आल्बन्सच्या डॉक्टर कॉटन यांनी त्याला दीड वर्ष आपल्याकडे ठेवून घेतलं, प्रेमाने वागवलं. तिथेच १७६४ मध्ये खिडकीजवळ त्याला एक बायबल दिसलं, रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं पंचविसावं वचन वाचताना ख्रिस्ताच्या रक्ताने मिळणारी क्षमा आपल्यासाठी आहे हे त्याला एकदम पटलं, आणि तो रडला तो आनंदाने. म्हणजे सुवार्ता त्याला माहीत नव्हती असं नाही. चांगली माहीत होती. त्यावर त्याने इतकी सुंदर गीतं लिहिली की लाखो लोकांनी ती आपली म्हणून गायली. (काही लोक म्हणतात न्यूटनच्या कडक उपदेशाने कूपर बिघडला. मला हा न्यूटनवर अन्याय वाटतो, पहिला झटका आला तेव्हा कूपरने न्यूटनचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.)

आता फळबाग ओलांडून दुसऱ्या घरात या.

न्यूटन पाळक व्हायच्या आधी गुलामांच्या जहाजावर होता हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आपल्या सभांमधून त्याची साक्ष सांगतात ती अशी, की तो वाईट खलाशी होता, १७४८ मध्ये अटलांटिकमध्ये वादळ आलं, जहाज बुडायला लागलं, त्याने देवाचा धावा केला, त्याचं तारण झालं, आणि त्याने गुलामांचा धंदा सोडला. यातलं शेवटचं वाक्य खरं नाही. वादळ १७४८ च्या मार्चमधलं. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा दुय्यम अधिकारी झाला, मग कप्तान झाला, १७५० ते १७५४ मध्ये कप्तान म्हणून तीन सफरी केल्या, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरायची आणि पलीकडे नेऊन विकायची. हे सगळं तारण झाल्यानंतर. आणि धंदा सोडला तो तब्येतीमुळे, अचानक झटका आला आणि डॉक्टरांनी समुद्रावर जाऊ नको म्हणून सांगितलं.

त्या काळात तो भक्तिहीन होता का? अजिबात नाही. रविवारी जहाजावर दोनदा उपासना घ्यायचा, केबिनमध्ये बसून बायबल वाचायचा, लॅटिन शिकायचा, बायकोला सुंदर पत्रं लिहायचा. त्याची जहाजावरची रोजनिशी आजही आहे. १७५२ च्या डिसेंबरमध्ये त्याला कळलं की खालचे गुलाम बंड करायच्या तयारीत आहेत. आधी तो लिहितो की देवाच्या कृपेने वेळीच समजलं, आणि मग लिहितो की काही मुलांना बेड्या घातल्या आणि त्यांनी सगळं पूर्ण कबूल करावं म्हणून त्यांचे अंगठे थोडे स्क्रूच्या पेचात धरले.

कबूल करावं म्हणून. त्याने इंग्रजीत जो शब्द लिहिलाय तोच चर्चमध्ये पाप कबूल करण्यासाठी वापरतात. मी ते वाचून पुस्तक बाजूला ठेवलं होतं. देवाचं नाव आणि लहान पोरांचे अंगठे एकाच नोंदीत, आणि लिहिणाऱ्याला काहीही खटकत नाही.

१७६४ मध्ये त्याने आपली जीवनकथा छापली, त्यात शिव्या दिल्या, देवाची निंदा केली, बापाचं ऐकलं नाही, या सगळ्याबद्दल मनापासून पश्चात्ताप आहे. गुलामांच्या धंद्याबद्दल काय म्हणतो? की हा धंदा करताना तो योग्य आहे की नाही अशी शंका मला कधी आली नाही. बेड्या, साखळ्या, कड्या हे सतत हाताळून कधी कधी नकोसं व्हायचं आणि जास्त माणुसकीचं काम मिळावं म्हणून मी प्रार्थना करायचो, एवढंच. म्हणजे आत कुठेतरी सुई टोचत होती, पण तिचा पापाशी संबंध त्याने लावला नाही. कायद्याला चालत होतं, चर्चमधले सज्जन लोक त्यात पैसे गुंतवत होते, मग मन तरी कशाला ओरडेल.

तर १७७३ च्या त्या जानेवारीत चित्र असं होतं. एका घरात ज्याने माशी पण मारली नसेल असा माणूस स्वतःला नरकाचा धनी समजून तळमळतोय. बागेच्या पलीकडे, ज्याने स्वतःच्या हाताने माणसं साखळीला बांधून विकली तो पाळक कृपेवर गीत लिहून शांत झोपतोय. भावनेची तीव्रता हेच जर पापाच्या जाणिवेचं माप असेल तर या गावात सगळा हिशोबच उलटा लागतो.

इथे मला आपल्या मराठी बायबलमधला एक शब्द फार महत्त्वाचा वाटतो. योहान १६:८ मध्ये पवित्र आत्म्याबद्दल येशू सांगतो की तो येऊन पापाविषयी जगाची खातरी करील. खातरी. वाईट वाटायला लावील असं नाही म्हटलंय. खातरी कशाची होते, तर वस्तुस्थितीची. दुकानदार वजन करून दाखवतो, आपली खातरी होते. मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच, उघडकीला आणणं, सिद्ध करून दाखवणं. म्हणजे हे काम पुराव्याचं आहे, भावना मागून येईल किंवा थोडी उशिरा येईल. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, त्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने दावीदाला उदास करायचा प्रयत्न नाही केला, त्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, दावीदाकडूनच निकाल काढून घेतला, आणि मग म्हणाला, तो माणूस तूच आहेस. कुठली बाई, कुठला नवरा, कुठली तलवार, सगळं नावानिशी. दावीदाने एका वाक्यात कबूल केलं आणि नाथानाने तिथल्या तिथे क्षमा सांगितली. परिणाम भोगावे लागलेच, पण दार बंद झालं नाही.

कूपरच्या गिल्टला असं नाव-गाव नव्हतं. तू काय केलंस विचारलं तर उत्तर नाही, आणि जे उत्तर होतं ते आजारातून आलेलं. त्याला घेऊन कुठे जाता येत नव्हतं. कुणाची माफी मागायची, काय परत करायचं, काहीच नाही, फक्त तू संपलास. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाला बंधूंवर रात्रंदिवस आरोप करणारा म्हटलंय, आणि आरोप करणाऱ्याची पद्धत अशीच असते, तो कलम सांगत नाही, थेट शिक्षा ऐकवतो. पण म्हणून कूपरला सैतान लागला होता असं मी अजिबात म्हणत नाहीये, प्लीज तसं कुणी वाचू नका. त्याला आजार होता. डिप्रेशन, आज आपण म्हणू त्यातलं फार गंभीर डिप्रेशन, ते परत परत आलं, १७८७ मध्ये, १७९४ मध्ये, जानेवारी जवळ आला की तो आधीपासूनच धास्तावायचा. आजार माणसाच्या जवळ जी भाषा असते ती वापरतो. कूपरकडे बायबलची भाषा होती, म्हणून त्याचा आजार बायबलमधून बोलला. दुसऱ्या कुणाचा आजार पैशाच्या काळजीतून बोलेल.

पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन प्रकारचं दुःख सांगतो, एक देवाकडून येणारं जे पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं, दुसरं जगाचं जे मरणाकडे नेतं. मी हे वचन खूप वर्षं चुकीचं वाचलं. मला वाटायचं पहिलं म्हणजे जास्त खोल दुःख आणि दुसरं म्हणजे वरवरचं. पण तसं नाहीये. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं दुःख वरवरचं होतं का? त्याने ३० नाणी परत नेऊन टाकली, मी निर्दोष रक्त धरून दिलं असं स्पष्ट कबूल केलं. येशूला ओळखतच नाही म्हणणाऱ्या पेत्राने तर काहीच परत केलं नाही, नुसता बाहेर जाऊन रडला. फरक खोलीचा नव्हता. यहूदा याजकांकडे गेला, ते म्हणाले त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ, आणि मग तो एकटा पडला. पेत्र बाकीच्या दहा शिष्यांमध्ये परत जाऊन बसला, आणि नंतर तळ्याच्या काठी कोळशाच्या विस्तवाजवळ त्याला येशू भेटला.

न्यूटनच्या बाबतीत ते कसं झालं बघा. ते एका रात्रीत झालं नाही. क्वेकर पंथाचे लोक आधीपासून गुलामगिरीविरुद्ध बोलत होते, हळूहळू देशात चर्चा वाढली, न्यूटन १७८० मध्ये लंडनच्या चर्चमध्ये गेला. १७८५ च्या डिसेंबरमध्ये तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स, जो पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढला, त्याला गुपचूप भेटायला आला, राजकारण सोडू का विचारायला, आणि न्यूटनने त्याला सांगितलं तिथेच राहा. मग १७८८ च्या सुरुवातीला, समुद्र सोडल्यावर ३४ वर्षांनी, न्यूटनने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका छापली. सुरुवातीलाच लिहिलं की ही जाहीर कबुली देऊन लाज पत्करणं माझं कर्तव्य आहे, जरी ती इतक्या उशिरा येतेय की मी ज्याला हातभार लावला ते दुःख आता टळणार नाही की भरून निघणार नाही. आणि मग तपशील दिले. खालच्या मजल्यावर माणसांना एकावर एक दोन रांगांत, फळीवर पुस्तकं लावावीत तसं चिकटून झोपवायचे. बायकांचं काय व्हायचं. पुढे त्याने सरकारी चौकशीत आणि पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली.

ही साक्ष आपल्या साक्षीपेक्षा वेगळी आहे हे लक्षात घ्या. आपण साक्षीत पाप पटकन सांगतो आणि कृपेवर येतो. या म्हाताऱ्या पाळकाने ३४ वर्षं कृपेवर गायलं आणि मग सरकारपुढे उभं राहून पाप सांगितलं, नाव घेऊन, आकड्यांसकट. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने चौपट परत करतो म्हटलं तसं. माझ्या मते ती खरी खातरी, उशिराने आलेली, पण खरी. आणि तिने त्याला मोडलं नाही, कामाला लावलं.

हे लिहिताना मला आपली मंडळी सारखी डोळ्यासमोर येते. आपल्याकडे सिनेमा बघितला म्हणून तरुण पोरं गिल्टमध्ये असतात, बायबल वाचायचं राहिलं म्हणून असतात, प्रार्थनेत झोप लागली म्हणून असतात. पण सोयरीक जमवताना आधी मूळची जात काढली जाते, वडीलधारी, चर्चच्या कमिटीतली माणसं हळू आवाजात विचारतात, त्यांचे मूळचे कोण, आणि कुणाला काही टोचत नाही. घरकामाच्या बाईला वेगळा कप. माझ्याही घरी होता, माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं होता, मी त्यावर कधी गुडघे टेकले नाहीत. ज्याने आपलं मन घडवलं त्या समाजाला जे चालतं ते मनालाही चालतं, म्हणून मनाच्या टोचणीवरच भरवसा ठेवला तर आपण न्यूटनसारखे शांत झोपू. बाहेरून कुणीतरी नाथान यावा लागतो, वचन घेऊन, मेंढीची गोष्ट घेऊन.

आणि कूपरसारख्याला नाथान नको असतो. त्याच्याशी न्यूटन कसा वागला तो मला या सगळ्या केसमधला सगळ्यात मोठा धडा वाटतो. १७७३ च्या एप्रिलमध्ये कूपर न्यूटनच्या घरी आला आणि आपल्या घरी परत जायला तयारच होईना, वर्षाहून जास्त राहिला, १७७४ च्या मेपर्यंत. न्यूटन गरीब पाळक होता, खर्च परवडणारा नव्हता. तरी जा म्हणाला नाही. डॉक्टर कॉटन यांचा सल्ला घेतला. तू अमुक पाप कबूल कर म्हणजे बरं वाटेल असं म्हणत त्याच्या मागे लागला नाही. कूपरला बागेत माती उकरू दिली. पुढे कुणीतरी सशाचं पिल्लू आणून दिलं, मग अजून दोन, कूपरने तीन ससे पाळले, पस, टायनी आणि बेस, त्यांच्यासाठी स्वतः सुतारकाम करून खुराडी केली, त्यांच्या सवयी लिहून ठेवल्या. सशांनी त्याला जेवढं जगवलं तेवढं बहुतेक कुठल्याच उपदेशाने जगवलं नसेल, आणि मी हे पूर्ण आदराने म्हणतोय, कारण ससे पण देवानेच केलेत. आणि ज्याला वाटत होतं की देवाने आपल्याला टाकलंय, त्याच कूपरने १७८८ मध्ये, न्यूटनच्या पुस्तिकेच्याच वर्षी, गुलामांच्या बाजूने कविता लिहिल्या आणि त्या घरोघर गेल्या.

म्हणून आता मागच्या बाकावरचं माणूस भेटलं की मी दोन प्रश्न विचारतो. नक्की काय झालंय, कुणाशी, कधी? यावर उत्तर आलं, भावाची जमीन दाबली, बायकोवर हात उचलला, ऑफिसात खोटी बिलं लावली, तर मग सांत्वन नको, आधी चला भावाकडे, मी येतो बरोबर. आणि उत्तर आलंच नाही, नुसतं मी वाईट आहे, मी संपलोय एवढंच आलं, तर दुसरा प्रश्न, झोप लागते का, जेवण जातं का, किती दिवस झाले, जीव नकोसा वाटतो का. त्यावर होय आलं तर त्याला एकटं सोडत नाही, घरच्यांना सांगतो, डॉक्टरकडे घेऊन जातो, आणि पहिल्या योहानातलं ते वचन त्याला मी वाचून दाखवतो, त्याला वाचायला लावत नाही, की आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हाही देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. त्याला ते त्या दिवशी पटत नाही. ठीक आहे, न पटू दे. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ते धरून ठेवायचं असतं.

न्यूटनने ते २७ वर्षं धरून ठेवलं. कूपरला शेवटपर्यंत पटलं नाही. १८०० च्या एप्रिलमध्ये नॉरफोकमधल्या ईस्ट डेरहॅम गावी तो गेला, जायच्या आदल्या रात्री कुणी औषधाचा घोट पुढे केला तर म्हणाला, याने आता काय होणार. त्याची सेवा करणाऱ्या नातेवाइकाने लिहून ठेवलंय की मेल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर शांतता होती आणि तिच्यात मिसळलेलं एक पवित्र आश्चर्य. लंडनमध्ये ७४ वर्षांच्या न्यूटनने त्याच्यासाठी अंत्यविधीचा उपदेश केला, आणि आपला मित्र आता कुठे आहे याबद्दल त्याच्या मनात कसलीच शंका नव्हती.